बगळ्याच्या चार सीड्या

धम्मपाल बिऱ्हाडे यांच्या कपाटात एकाच अल्बमच्या तीन सीड्या एकीशेजारी एक उभ्या होत्या, आणि त्या वेगवेगळ्या वस्तू आहेत हे घरात फक्त त्यांनाच मान्य होतं. अल्बम सत्तरच्या दशकातल्या एका विलायती रॉक बँडचा. कव्हरवर पाण्यात एका पायावर उभा असलेला बगळा. बँडचं नाव लांबलचक आणि उच्चाराला अवघड, म्हणून घरात त्याला नुसतं 'बगळा' म्हणत. "पप्पा बगळा ऐकताहेत," असं त्यांची मुलगी प्राची दारातून सांगायची, की आलेला माणूस समजून घ्यायचा आणि तासाभराने पुन्हा यायचा.

"अगं, गाणी तीच असतात," धम्मपाल बायकोला, म्हणजे विशाखाबाईंना, वर्षानुवर्षं समजावत आले होते. "गाणारा तोच, वाजवणारे तेच. पण मूळ टेपवरून सीडी काढताना दर वेळी कोणीतरी इंजिनीअर बसतो आणि ठरवतो की ड्रम किती ठेवायचा, गिटार किती, एकूण आवाज किती चढवायचा. त्याला म्हणतात मास्टरिंग. जर्मनीतल्या माणसाने एक ठरवलं, पुढे नव्वद साली दुसऱ्याने दुसरंच ठरवलं. आता वांगं एकच असतं, पण कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं वेगळं आणि गॅसवर भाजलेलं वेगळं. लागतं की नाही वेगळं?"

"लागतं ना," विशाखाबाई म्हणायच्या. "पण गॅसवरचं बेचव लागतं हे माहीत असून ते कोणी कपाटात जपून ठेवतं का?"

नव्वद सालची ती लाल लेबलची सीडी धम्मपाल यांना खरोखरच आवडत नव्हती. "हिच्यात सगळं एकदम अंगावर येतं. बाजारात लाउडस्पीकर लावल्यासारखं," असं ते म्हणत. पण तुलना करायची तर वाईटही जवळ हवंच ना. वाद अंगाशी आला की ते आपल्या कानाचा दाखला देत. दीपनगरच्या वीज केंद्रात, बॉयलर विभागात त्यांची आजवरची सगळी नोकरी गेली होती. बॉयलरच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी आपल्याला ते मीटरच्या आधी ऐकू येतं, असा त्यांचा दावा होता. तो खराही आहे असं त्यांच्या हाताखालचे लोक सांगत. निदान त्यांच्यासमोर तरी सांगत.

प्राचीने नाशिकच्या ऑफिसातला प्रशील अहिरे पसंत केला, तेव्हा बिऱ्हाडे कुटुंब धुळ्याला त्याचं घर बघायला गेलं. जय भीम झालं, चहा झाला, शिक्षण आणि नोकरी यांचं बोलणं झालं. विशाखाबाई प्रशीलच्या आईबरोबर, द्रौपदाबाईंबरोबर, गच्चीवरच्या कुंड्या बघायला गेल्या. आणि दिवाणखान्यातल्या कपाटात धम्मपाल यांना बगळा दिसला. त्यानंतर पुरुषमंडळींत दोन तास लग्नाचा विषय निघालाच नाही.

प्रशीलचे वडील वाल्मीकभाऊ एस.टी.च्या वर्कशॉपातून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. कान त्यांचाही काही कमी नव्हता. "गाडी फाटकातून आत येताना मी चहा पीत बसलेलो असायचो," ते म्हणाले, "आणि कप खाली न ठेवता सांगायचो, कितव्या सिलिंडरचा नोझल गेलाय." धम्मपाल यांनी त्यांना बॉयलरच्या नळीची गोष्ट सांगितली. दोघांनी एकमेकांकडे आदराने पाहिलं. आपल्या तोडीचा माणूस भेटला की होतो तो आनंद दोघांना झाला, आणि त्याच्यापाठोपाठ होते ती चुरसही झाली.

"माझा बगळा जपानचा आहे," वाल्मीकभाऊ म्हणाले. "मूळ टेपच्या सर्वांत जवळचा."

"माझ्याकडे पहिला जर्मन आहे. नंतरचे दोनही आहेत. पण जपानी काय, डोळे मिटून ओळखेन मी."

"मीही ओळखेन."

झालं. चारही सीड्या एकत्र ऐकायच्या आणि डोळे बांधून ओळखायच्या, असं ठरलं. वाल्मीकभाऊंनी आपली सीडी कपाटातून काढून दोन्ही हातांनी धम्मपाल यांच्याकडे दिली. "न्या. पंधरवड्याने आम्ही जळगावला येतो, तोवर चारही एका घरात राहू देत. पण तोपर्यंत ऐकायची नाही हं. कानाला सवय झाली की निवाडा खरा होत नाही." मग डब्यावरून बोट फिरवत ते म्हणाले, "माझी सीडी याआधी एकदाच बाहेर गेली होती. साडूकडे. ओरखडा पाडून आणली त्याने."

"मग?"

"मग काय, साडू आहे अजून. बोलत नाही आम्ही. दुसऱ्याची वस्तू माणूस कशी सांभाळतो, यावरून मी घर ओळखतो, बिऱ्हाडेसाहेब. लग्नाचं पुढचं बोलणं आपण त्याच दिवशी करू."

प्राची आणि प्रशील यांनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांना जात, पत्रिका, पगार या कशाचीच अडचण आली नव्हती. अडचण जपानहून येईल, असं त्यांच्या मनातही नव्हतं.

परतीच्या वाटेवर धम्मपाल गहिवरून म्हणाले, "वाल्मीकभाऊंनी आपल्यावर केवढा विश्वास टाकलाय!" विशाखाबाईंना वाटलं, ते मुलाबद्दल बोलताहेत. त्याही म्हणाल्या, "टाकलाय खरा." आणि धुळ्याचा बगळा गुपचूप जळगावच्या तीन बगळ्यांशेजारी जाऊन उभा राहिला.

पुढे वीज केंद्रात एका संचाच्या दुरुस्तीचं काम निघालं आणि धम्मपाल सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. त्याच आठवड्यात विशाखाबाईंचा धाकटा भाऊ कौतिक आला. कौतिकचं शेत जळगावपासून जवळच. दादर ज्वारी कणसात आली होती आणि पोपटांनी उच्छाद मांडला होता.

"अक्का, जुन्या सीड्या असतीन तं दे," तो म्हणाला. "दोरीले बांधून टांगल्या का वाऱ्यानं फिरतात, चमकतात, पाखरं भेतात. गावातल्या साऱ्या जमा केल्या मी. लोकायच्या लग्नाच्या, बारशाच्या, एक तं ट्रॅक्टर कंपनीची हाये. तरी कमी पडू राह्यल्या."

विशाखाबाईंनी कपाट उघडलं. समोर चार बगळे एका रांगेत. एकच चित्र चार वेळा. नवऱ्याची आवड मोडायची त्यांची मुळीच इच्छा नव्हती, म्हणून त्यांनी विचार केला, आणि त्यांच्या दृष्टीने तो अगदी न्यायाचा होता. एक बगळा ठेवायचा, तीन द्यायचे. गाणी तर त्यात तीच. त्यातल्या लाल लेबलची सीडी नवीकोरी दिसत होती, म्हणून तीच ठेवली. बाकी तीन डब्यांतून काढून कौतिकच्या पिशवीत टाकल्या. डबे मात्र परत कपाटात लावले. कपाट रिकामं दिसलेलं त्यांना आवडत नसे.

पाहुण्यांना कुठे बसवायचं, हा प्रश्न धम्मपाल यांनी चुटकीसरशी सोडवला. "धुळ्याच्या लोकांना जळगावचं भरीत खाऊ घालायचं. कौतिकच्या शेतात भरीत पार्टी. शेतात लाइट नसली तरी चालेल, वाल्मीकभाऊंच्या गाडीत सीडी वाजते." नव्या गाड्यांत सीडी घालायची सोयच नसते, केवळ म्हणून वाल्मीकभाऊंनी आपली जुनी गाडी विकली नव्हती. द्रौपदाबाईंना पावसाळ्यात तिच्यात छत्री उघडून बसावं लागे, पण आवाज उत्तम होता.

पार्टीच्या दिवशी सकाळी धम्मपाल यांनी चारही डबे धुतलेल्या पंच्यात गुंडाळले आणि त्यातला एक बायकोला दाखवला.

"हा बघ. हा वाल्मीकभाऊंचा जपानी. याला ओरखडा जरी पडला तरी पोरीचं लग्न मोडलं समज. साडूशी बोलत नाहीत ते अजून."

विशाखाबाईंच्या हातातलं पिठाचं पातेलं ओट्यावर आदळलं.

"हा त्यांचा आहे?"

"मग? त्या दिवशी गाडीत सांगितलं नाही का तुला?"

नवरा मोटारसायकल काढायला गेला तसं विशाखाबाईंनी प्राचीला स्वयंपाकघरात ओढलं आणि सगळं सांगितलं. प्राचीचा चेहरा उतरला. पण ती आईचीच मुलगी. "आपण रिक्षाने आधी पोचू," ती म्हणाली. "मामाकडून काढून घेऊ. पुसून डब्यात घालू. कोणाला कळायचंही नाही."

योजना चांगली होती. शेतावर पोचल्यावर तिच्यातली खोट दिसली. दादर डोक्याच्या वर हातभर उंच वाढली होती, आणि तिच्या मधोमध, बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर, सगळ्या गावाच्या सीड्या उन्हात लखलखत गरगर फिरत होत्या.

"कौतिक, मी दिलेल्या कोणत्या रे यातल्या?"

"मले काय मालूम, अक्का? फिरताना साऱ्या सारख्याच दिसतात. पाखरायले तरी कुठी फरक पडते?"

"मामा, त्यातली एक जपानची आहे! माझ्या सासऱ्यांची!"

कौतिकने कपाळावर हात मारला, धोतर खोचलं आणि तो दादरीत शिरणार, एवढ्यात बांधावर हॉर्न वाजला. वाल्मीकभाऊ वेळेच्या आधी पोचले होते. एस.टी.त असताना जे जमलं नाही ते ते निवृत्तीनंतर करत होते. त्यांच्यामागोमाग धम्मपालही आले, पंचा छातीशी धरून.

जेवणाची तयारी एका बाजूला सुरू झाली. पऱ्हाट्यांचा जाळ पेटला, हिरवी लांबडी वांगी त्यात पडली, कौतिकच्या बायकोने मिरच्या आणि कांद्याची पात चिरायला घेतली. पण दोन्ही बापांचं लक्ष तिकडे नव्हतं. त्यांनी बाज उचलून गाडीकडे पाठ करून ठेवली, गाडीची चारही दारं उघडी टाकली आणि डोळ्यांना गमछे बांधले.

"प्रशील, तू आत बस," वाल्मीकभाऊंनी हुकूम सोडला. "प्राचीबेटा, तू त्याला डबे दे. कोणत्याही क्रमाने. आम्हाला काही सांगायचं नाही. तिसरं गाणं, अर्धा मिनिट, मग पुढची."

प्राची प्रशीलच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने एकेक डबा उघडून त्याला दाखवला. रिकामा. रिकामा. लाल. रिकामा.

"बाकीच्या?" प्रशीलने नुसते ओठ हलवले.

प्राचीने काचेतून शेताकडे बोट दाखवलं. प्रशीलने पाहिलं. त्याला समजायला थोडा वेळ लागला, मग तो सीटवर हळूहळू खाली घसरला. लग्नाआधी जोडीदाराची सगळी गुपितं कळावीत असं त्याचं मत होतं. ते त्याने त्या क्षणी बदललं.

"सुरू करा!" बाहेरून हाक आली.

प्रशीलने लाल सीडी सरकवली. तिसरं गाणं अर्धा मिनिट वाजलं. मग त्याने ती बाहेर काढली, प्राचीने एका डब्याचं झाकण मोठ्याने लावलं, दुसऱ्याचं मोठ्याने उघडलं, आणि प्रशीलने तीच लाल सीडी पुन्हा आत सरकवली. असं चार वेळा. बाजेवर दोन्ही कान टवकारलेले होते. पहिल्या वेळी वाल्मीकभाऊ "हं" म्हणाले. दुसऱ्या वेळी धम्मपाल यांनी मान डोलावली. तिसऱ्या वेळी दोघांनी तोंडं वाकडी केली. चौथ्या वेळी वाल्मीकभाऊंनी आपला गुडघा दाबून धरला.

गमछे सुटले.

"चौथी!" वाल्मीकभाऊ म्हणाले. "चौथी माझी जपानी. काय खोली होती! तिसरी ती तुमची लाल, कर्कश. ते तर शेंबडं पोरही सांगेल."

"तिसरी लाल, कबूल," धम्मपाल म्हणाले. "पण जपानी दुसरी होती, भाऊ. चौथीत ड्रमच्या मागे सगळं दबलं होतं. चौथी जर्मन."

"दुसरी? दुसरीत तर गाणाऱ्याला सर्दी झाल्यासारखी वाटत होती!"

"माझा कान बॉयलरची गळती ऐकतो, वाल्मीकभाऊ."

"गळती ऐकत असेल. संगीत वेगळं. आणि सीडी माझी आहे. माझ्या पोराचा आवाज मी ओळखणार नाही का?"

आवाज चढले. वांगी भाजून झाली, सोलून झाली, लाकडी बडगीत ठेचूनही झाली. पुऱ्यांचा घाणा निघाला, पण जेवायला या म्हणायची कोणाची हिंमत होईना. मुद्दा सीडीवरून कानावर आला, कानावरून घराण्यावर. "ज्या घरात जपानी आणि जर्मन यातला फरक कळत नाही, त्या घरात..." एवढं वाल्मीकभाऊ बोलून गेले आणि थांबले. धम्मपाल यांचे कान लाल झाले. "बोला, बोला, त्या घरात काय?" ते म्हणाले. विशाखाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"थांबा," वाल्मीकभाऊ म्हणाले. "भांडण कशाला? पोराला विचारू. प्रशील, सीड्या तूच लावल्यास. कोणाचं बरोबर?"

प्रशील गाडीतून उतरला. बापाचं बरोबर म्हणावं तर होणारा सासरा जातो. सासऱ्याचं म्हणावं तर बाप साडूच्या रांगेत नेऊन बसवतो. त्याने प्राचीकडे पाहिलं. तिने डोळ्यांनीच सांगितलं की खोटं बोलू नकोस. आणि मग प्रशीलला एक वाक्य सापडलं, जे सोळा आणे खरं होतं.

"दोघांचंही चुकलं," तो म्हणाला.

दोन्ही बाप बाजेवरून उठून उभे राहिले.

"दोघांचं?" वाल्मीकभाऊ म्हणाले.

"शक्यच नाही," धम्मपाल म्हणाले. "माझं एक वेळ सोडा. पण वाल्मीकभाऊंचा कान चुकेल? ज्यांनी फाटकातून नोझल ओळखला?"

"आणि बिऱ्हाडेसाहेबांचा? मीटरच्या आधी ज्यांना नळी कळते?" वाल्मीकभाऊंचा संताप आता मुलाकडे वळला आणि तिथून गाडीकडे गेला. "दोष गाडीच्या स्पीकरचा आहे. मागचा डावा फाटलेला आहे, मला संशय होताच."

"फाटलेलाच. मला पहिल्या अर्ध्या मिनिटातच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमची गाडी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

एवढ्या वादातही दुसऱ्याच्या गाडीचा मान राखणारा माणूस वाल्मीकभाऊंना आजवर भेटला नव्हता. त्यांनी धम्मपाल यांचा हात धरला. "व्याही," ते म्हणाले. तो शब्द ऐकून विशाखाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि द्रौपदाबाईंनी पुऱ्यांच्या घाण्याकडे बघून सुस्कारा सोडला. सगळं इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

"आता जेवू," वाल्मीकभाऊ म्हणाले. "माझी सीडी तेवढी द्या, सीटवर ठेवतो. जेवताना तेलाचा हात लागायला नको." आणि त्यांनी स्वतःच डबा उचलून उघडला.

डबा रिकामा. त्यांनी दुसरा उघडला. मग तिसरा. मग चौथाही. वर्कशॉपात, ऑफिसात, पाहुण्यांत नेटकी मराठी बोलणारे वाल्मीकभाऊ एकदम आपल्या गावच्या अहिराणीवर आले.

"हाई काय शे?"

शेवटी विशाखाबाई पुढे झाल्या. त्यांनी पदर खोचला. "भाऊ, चूक माझी आहे. यांना आत्तापर्यंत काही माहीत नाही, प्राचीचाही दोष नाही. मला चारही सारख्या वाटल्या. तुमची आहे हे ठाऊक नव्हतं. मी तीन माझ्या भावाला दिल्या." आणि त्यांनी शेताकडे हात केला.

नेमका तेव्हाच वारा सुटला. दादरीवरच्या सगळ्या सीड्या एकदम फिरू लागल्या. वाल्मीकभाऊ त्यांच्याकडे बघत राहिले. धम्मपालही बघत राहिले; त्यांचा पहिला जर्मन तिथेच कुठेतरी गरगरत होता. ते मटकन बाजेवर बसले.

"आणि मग," वाल्मीकभाऊंनी हळूच विचारलं, "आत्ता आम्ही चार वेळा काय ऐकलं?"

"एकच, बाबा," प्रशील म्हणाला आणि त्याने गाडीतून लाल लेबलची सीडी काढून दाखवली. "चारही वेळा हीच."

साडूपेक्षा मोठा गुन्हा घडला होता. पण तो उच्चारायचा तर आणखीही काही उच्चारावं लागलं असतं. वाल्मीकभाऊंनी धम्मपाल यांच्याकडे पाहिलं. धम्मपाल यांनी वाल्मीकभाऊंकडे पाहिलं. बॉयलर आणि नोझल दोघांच्याही नजरेसमोरून जाऊन आले.

"मला वाटतच होतं," शेवटी वाल्मीकभाऊ म्हणाले. "चारही फारच जवळजवळ होत्या."

"फारच. एवढ्या जवळ कधी नसतात."

"पोरांचा हिरमोड नको, म्हणून मी बोललो नाही."

"मीही नाही."

कौतिक एव्हाना विळा घेऊन दादरीत घुसला होता. बराच वेळ नुसती कणसं हलत राहिली, मग तो एक सीडी घेऊन बाहेर आला. मधल्या भोकाभोवती जपानी अक्षरं होती आणि कडेला एका पोपटाने आपलं मत नोंदवलं होतं. वाल्मीकभाऊंनी खिशातला रुमाल काढला, त्यावर पाणी घेतलं आणि सीडी मधून कडेकडे, सरळ रेषेत, हळूहळू पुसली. मग ते गाडीत जाऊन बसले. सगळे दाराशी जमले. प्राचीने आईचा हात घट्ट धरला. ही वाजली नाही, तर पुढचं काहीच वाजणार नव्हतं.

वाजली. तिसरं गाणं सुरू झालं. वाल्मीकभाऊंनी डोळे मिटले. अर्धा मिनिट गेला, एक मिनिट गेला, गाणं संपलं.

"व्याही," डोळे न उघडता ते म्हणाले, "तुम्हाला काही जाणवतं?"

"जाणवतं," धम्मपाल म्हणाले. "पण आधी तुम्ही सांगा."

"नाही, आधी तुम्ही."

"मोकळी झाली आहे."

"मोकळी!" वाल्मीकभाऊंनी डोळे उघडले. "हाच शब्द माझ्या तोंडात होता. माझ्या कपाटात इतकी वर्षं होती, पण गळा असा उघडला नव्हता तिचा." ते गाडीतून उतरले आणि थेट कौतिकपाशी गेले.

"किती दिवस टांगली होती?"

"झाले असतीन दहा-बारा," कौतिक चाचरत म्हणाला.

"वारा कोणत्या बाजूचा?"

"हिवाळ्यात अजून कोन्या बाजूचा राहीन? उत्तरेचा."

"आणि रात्री दव?"

"पडते ना. पहाटे पार ओल्या राहतात."

वाल्मीकभाऊंनी धम्मपाल यांच्याकडे वळून पाहिलं. "दव," ते म्हणाले.

"दव," धम्मपाल यांनी मान हलवली.

मग पंगत बसली. भरीत थोडं निवलं होतं, पण कोणी तक्रार केली नाही. वाल्मीकभाऊ तिसऱ्यांदा पुऱ्या घेत असताना विशाखाबाईंनी धीर करून तारखेचं विचारलं.

"कौतिकराव, दादर कधी काढता?" त्यांनी उलट विचारलं.

"मार्चमधी."

"मग लग्न एप्रिलात धरू. तोवर माझ्या बाकीच्याही आणून टांगतो. घाई नको, नीट मुरू देत."

द्रौपदाबाईंनी विशाखाबाईंना कोपर मारलं. "बहीन, मना घरमा आशा दोनशे शेतस," त्या कुजबुजल्या, आणि घरातल्या सगळ्याच सीड्या इथे आणून टाकायच्या या विचाराने आज पहिल्यांदा मनापासून हसल्या. "बठ्ठ्या लई येस मी. एकबी माघारी देऊ नको."

जेवणं आटोपली. कौतिक हात पुसत गाडीपाशी गेला. डॅशबोर्डवर लाल लेबलची सीडी तशीच पडली होती. त्याने ती उचलून उन्हात फिरवून पाहिली.

"दाजी, ही एक राह्यली. हिलेबी टांगू का वाऱ्यावर?"

दोघे व्याही सुपारी चघळायचे थांबले.

"नको," दोघं एकदम म्हणाले. "ती आहे तशीच चांगली वाजते."